सात तास

आचाओच्या धक्क्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये
एलिओदोरो बार्रिआ ड्रिलची बॅटरी काढतो
आणि लगेच चार्जरवर चढवत नाही.
"निवू दे. धापा टाकत आलेल्याला
कुणी उंबऱ्यातच जेवायला बसवतं का?"
खिडकीत ठेवतो, खाडीकडे तोंड करून.
फार थंडी असली तर शेगडीजवळ.
शेगडीवर नाही, जवळ. हे तो दर वेळी सांगतो.

चार्जर साधा. काळा डबा, एक तांबडा दिवा.
सुरू करताना तांबडा,
भरल्यावर तांबडा,
पेट घेतानाही तांबडाच राहील.
त्याला ताट भरलेलं दिसत नाही,
तो वाढतच राहतो,
आणि बॅटरीला तर हातच नाही
पुरे म्हणून आडवा धरायला.

म्हणून भिंतीच्या फळीवर सुताराच्या पेन्सिलीनं गणित:
पंधराशेला तीनशेनं भागलं, पाच.
वाटेत सांडतं त्याचे दोन.
सात.
खाली रेघ, आणि रेघेखाली मी केलेली चूक,
तारखेसकट. ती त्यानं पुसू दिली नाही.

त्या दिवशी कार्कामोंचं घर हलवायचं होतं,
अख्खं घर, ओंडक्यांवर, बारा बैल जुंपून
वरच्या माळावरून खाली रस्त्यापाशी.
सगळा गाव दोराला, मीही दोराला.
मग सफरचंदाची चिचा, मग क्लोदोमिरानं नाचायला ओढलं,
आणि सात तासांचे पंधरा कधी झाले
ते मला वासानं सांगितलं.
प्लास्टिक एका बाजूनं फुगलं होतं
दाढ दुखणाऱ्या माणसाच्या गालासारखं.
खाली दगडी लादी होती म्हणून.
एका हातावर भुशाचा ढीग होता.

तो ओरडला नाही.
आधी भिंतीतून प्लग ओढला,
मग लांब चिमट्यानं बॅटरी ओल्या वाळूत नेऊन ठेवली,
आणि बादली पालथी घालून समोर बसला
पहाटेपर्यंत, मेंढरू विणार असल्यासारखा.
मी शेजारी उभा. त्यानं बस म्हटलं नाही.
उजाडल्यावर वाळूसकट डब्यात भरली,
डब्यावर लिहिलं: मेली आहे, वापरू नये.
बुधवारच्या बसनं कास्त्रोला, जिथं असल्या जमा करतात.

आता मी घड्याळ लावतो. किल्लीचं, पत्र्याचं,
त्याच्या आईचं.
पण परवा वादळात दोन तास दिवे गेले
आणि घड्याळ आपलं चालतच होतं,
वाजलं तेव्हा बॅटरीच्या पदरात पाचच पडले होते.
"घड्याळ वेळ मोजतं," एलिओदोरो म्हणाला,
"वीज नाही मोजत." आणि माझं मनगट धरून
तळहात बॅटरीवर टेकवला.
गार.
"कोमट झाली की काढायची. गरम झाली तर उशीर झाला."
पोराचा ताप बघतात तसा
दर अर्ध्या तासानं मी हात ठेवत राहिलो.

भाच्यानं पुएर्तो माँतहून नवा ड्रिल आणलाय, हिरव्या दिव्याचा.
त्याचा चार्जर स्वतःच थांबतो, म्हणे.
नवी बॅटरी जुन्या डब्यात जोर लावला तर बसते.
म्हणून एलिओदोरोनं जुन्याला दोरी बांधून
लाकडी पाटी लटकवली आहे: हिला इथं नाही.
अक्षर वाकडं, पण ठसठशीत.

आज रात्री तो पलीकडच्या बेटावर आहे,
चॅपलच्या दाराची बिजागरी बघायला.
सोळा भोकं उरलीत, सकाळी बोटीनं ड्रिल पाठवायचा आहे.
सव्वाबारा. साडेसहा तास झाले.
पत्र्यावर पाऊस, शेगडीत शेवटचं लाकूड.
मी झोपलेलो नाही.
हात ठेवून बघतो.
अजून थोडं.